पंच मारलेली पानं

२ फेब्रुवारी, रविवार

सोसायटीची मीटिंग झाली. विषय टेकडीवरचा वणवा. गेल्या उन्हाळ्यात आग थेट आमच्या मागच्या भिंतीपर्यंत आली होती. पार्किंगमधल्या स्कूटरची सीट वितळली आणि लोकांनी गॅलरीत उभं राहून व्हिडिओ काढले. यंदा आधीच तयारी करायची, असं सेक्रेटरी दीपाली म्हणाली. मुलगी हुशार आहे. खराडीतल्या कंपनीचं काम घरूनच करते. म्हणजे दिवसभर नक्की काय करते, ते कोणालाच माहीत नाही.

वणवा दक्षता समिती स्थापन. प्रमुखपदी माझी बिनविरोध निवड. बायकोचं, म्हणजे कांताचं म्हणणं, दुसरं कोणी तयारच नव्हतं. बिनविरोध म्हणजे तरी दुसरं काय असतं?

कामं अशी ठरली. मागच्या गेटबाहेरचं वाळलं गवत खरवडून टेकडी आणि भिंत यांच्यात मोकळा पट्टा करायचा, म्हणजे आग तिथे येऊन थांबते. लांब पाइप घ्यायचा. आग झोडपायला पोती आणायची. पट्ट्याचं काम कोण करणार, हे दीपालीने विचारायच्या आत तिसऱ्या मजल्यावरच्या हिंदुरावांनी हात वर केला.

नोंद घेतली. एकतीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासली आहेत. न मागता तिकीट पुढे करणारा प्रवासी मी दोनदा तपासत असे.

५ फेब्रुवारी

पाइप आणला. हिरवा, जाड, तोंडाला पितळी नोझल. मागच्या भिंतीला हूक ठोकून माझ्या गुलाबांच्या कुंड्यांशेजारी टांगला. टोक मोकळं खाली लोंबतं आहे, नळ हाताशी. फोटो काढून ग्रुपवर टाकला. आठ अंगठे आले. हिंदुरावांचा नाही.

संकल्प: दर रविवारी पाइपची टेस्ट. रोज सकाळी सहाला टेकडीच्या बाजूने गस्त.

९ फेब्रुवारी, रविवार

टेस्ट केली नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर प्रमुखानेच पाणी वाया घालवणं बरं दिसत नाही. गस्तही उद्यापासून.

आज मात्र गंभीर प्रकार उघडकीला आला. माझ्या लाल गुलाबाची पानं कोणीतरी कापतंय. कुरतडलेली नाहीत. कडेवरून अर्धगोल, स्वच्छ, एकसारखे तुकडे. कात्रीने जमणार नाही इतकं सफाईदार काम. मावा असतो, पिठ्या ढेकूण असतो, ते सगळं मी कडुनिंबाच्या तेलाने फवारून घालवलेलं आहे. कांता चहाचा कप घेऊन आली, वाकून पाहिलं, म्हणाली, एखादी माशीबिशी असेल. मी म्हणालो, माशीला कंपास वापरता येतो का? ती आत गेली. उत्तर नसलं की आत जाते.

हे काप मी कुठेतरी पाहिलेले आहेत.

१० फेब्रुवारी, दुपारी

आठवलं! पंच!

पूर्वी कंडक्टरकडे लोखंडी पंच असायचा. तिकिटावरच्या स्टेजच्या आकड्यावर तो टचकन मारायचा, गोल भोक. पण एका कंडक्टरने एकदा पंच कडेवर मारला होता. निम्मं भोक तिकिटावर, निम्मं हवेत. अर्धगोल! मी त्याला तिथेच, भर गर्दीत, मेमो दिला होता. तो म्हणाला, साहेब, खड्डा आला. मी म्हणालो, खड्डा सगळ्यांना येतो. पुढे चौकशीत तो निर्दोष सुटला. म्हणजे किती मुरलेला असेल बघा.

तो कंडक्टर म्हणजे हिंदुराव.

आम्ही एकाच डेपोतले, आता एकाच सोसायटीतले. योगायोग म्हणतात लोक. सोसायटी उभी आहे ती जमीन हिंदुरावांच्या भावकीची होती, म्हणून त्यांना इथे फ्लॅट मिळाला. टेकडी ते अजून घरचीच समजतात. पावसाळ्यात वर रोपं लावतात, उन्हाळ्यात कॅनने पाणी वाहतात. कशासाठी, ते कधी सांगत नाहीत. मी विचारलेलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो.

मेमोचा सूड. इतकी वर्षं थांबून. डेपोतल्या माणसांवर माझा कधीच विश्वास नव्हता. रिटायर झालो तेव्हा त्यांनी निरोप समारंभ ठरवला होता. तो मी होऊ दिला नाही. मी खरंच जातोय ना, एवढीच खात्री करायला सगळे येणार होते.

११ फेब्रुवारी

कांताला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, अहो, त्यांना तिसऱ्या मजल्यावरून खाली येऊन तुमची पानं टोचायला दुसरा उद्योग नाही का? हाच तर मुद्दा आहे. रिटायर माणसाला उद्योग नसतो. (मला आहे. समिती आहे.)

गस्त: आज थंडी होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

पाइपची टेस्ट पुढच्या रविवारी. आज पट्ट्याचं काम होतं.

हिंदुराव फावडं घेऊन सकाळीच हजर. शकूवहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, डोक्याला पदर बांधून गवत ओढत होत्या. दीपालीसुद्धा ऑफिसचा कॉल कानात ठेवून झाडत होती. मी देखरेख केली. दुपारपर्यंत भिंतीमागे रस्त्यासारखा स्वच्छ पट्टा झाला, मातीशिवाय काही नाही. सगळ्यांनी हिंदुरावांच्या पाठीवर थाप मारली. कोणीतरी मलाही चहा दिला.

घरी येऊन शांतपणे विचार केला. हा पट्टा कुठून कुठे जातो? मागच्या गेटपासून निघतो आणि माझ्या गुलाबांच्या बरोबर मागे येतो. भिंत तिथे छातीएवढीच आहे. बाहेरून हात घातला की पान हातात. आणि आता तिथे वाळलं गवतही नाही, म्हणजे पावलाचा आवाजही नाही. वणव्याच्या नावाखाली माणसाने स्वतःसाठी रस्ता करून घेतला, तोही शकूवहिनींकडून झाडून!

१८ फेब्रुवारी

बंदोबस्त केला.

एक. मागच्या गेटचं कुलूप बदललं. किल्ली एकच, ती माझ्या गळ्यात. दोरा कांताच्या शिवणाच्या डब्यातला.

दोन. सोसायटीत झाडून ठेवलेला आंब्याचा आणि गुलमोहराचा पाचोळा पोत्यांत भरला आणि पट्ट्यावर नीट पसरला. चांगला वीतभर जाड. आता मांजर जरी चाललं तरी कुरकुर वाजेल आणि मी बाहेर. खर्च शून्य. असल्या साध्या गोष्टी लोकांना सुचत नाहीत.

चालून पाहिलं. उत्तम वाजतं.

२० फेब्रुवारी

हिंदुराव झाडांना पाणी घालायला जायचं म्हणून किल्ली मागायला आले. मी गेटपर्यंत सोबत गेलो. पाचोळा पाहून ते थबकले. म्हणाले, साहेब, परवाच तर साफ केलं व्हतं, हे कुणी आणून टाकलं? मी म्हणालो, वारा. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. पान हलत नव्हतं. मग मुकाट्याने फावडं आणून सगळं पुन्हा ओढून काढलं. मला मदत करायला सांगितली नाही, हेही विचार करण्यासारखं आहे.

संध्याकाळी ते वर गेल्यावर मी पुन्हा पसरलं.

२२ फेब्रुवारी

त्यांनी काढलं. मी पसरलं.

कंबर धरली आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

दीपालीने विचारलं, बाबुराव काका, पट्ट्यावर पुन्हा पाचोळा कसा येतो? मी म्हणालो, चौकशी चालू आहे. तिथेच उभे असलेले हिंदुराव म्हणाले, रोज कुणीतरी पसरतंय बगा. माझ्याकडे बघून म्हणाले. डोळ्यात डोळे घालून खोटं बोलणारे प्रवासी मी पाहिलेत, पण खरं बोलणारा माणूस जास्त धोकादायक असतो.

त्यानंतर त्यांनी किल्ली मागणं सोडलं. आता दोन्ही हातात कॅन घेऊन मुख्य रस्त्याने वळसा घालून टेकडीवर जातात. पाचोळा जागच्या जागी आहे. माझा विजय.

पाइपची टेस्ट: कंबरेमुळे नाही.

२ मार्च, रविवार

पाळत ठेवायचं ठरवलं. नाश्ता झाल्यावर पाण्याच्या ड्रममागे खुर्ची टाकली, वर छत्री, समोर पेपर, पेपरला पाहण्यापुरतं भोक. (भोक पाडायला कांताचं करंजीचं कातण वापरलं. तिला सांगितलं नाही.)

ऊन कडक. हालचाल काही नाही. एक काळपट माशी मात्र फार त्रास देत होती. सारखी पाइपच्या लोंबत्या टोकाशी घोंघावायची, आत जायची, बाहेर यायची. दोनदा पेपरने हाकलली. लक्ष विचलित करण्याचे प्रकार.

जरा डोळा लागला. जाग आली तेव्हा आणखी तीन पानं पंच झालेली! पाचोळा वाजला नाही, गेट उघडलं नाही. म्हणजे तो मला झोप लागायची वाट बघत होता आणि भिंतीवरून आला. साठी उलटलेला माणूस भिंत चढतो, याला किती द्वेष लागत असेल.

५ मार्च

प्रज्ञेशला फोन केला. म्हटलं, मागच्या बाजूला कॅमेरा बसवून दे. मुलगा खराडीला आयटीत आहे, एवढं तर जमावं. त्याने पानांचा फोटो मागितला. पाठवला. तासाभराने त्याने एक लिंक पाठवली आणि लिहिलं, पप्पा हे वाचा, कॅमेरा नको.

लिंक उघडली नाही. अनोळखी लिंक उघडू नये, असे बँकेचे रोज मेसेज येतात. पोटचा मुलगा असला म्हणून काय झालं? आणि कॅमेरा नको, असं त्याला कोणी सांगितलं? गेल्या दिवाळीत हिंदुरावांशी बराच वेळ बोलत उभा होता.

९ मार्च, रविवार

कांता म्हणाली, तो पाइप एकदा तरी नळाला लावून बघा. मी म्हणालो, नवा आहे. नव्याला काय होतंय? ती म्हणाली, म्हणूनच बघा. तिचं कोडं मला कधी सुटत नाही. पुढच्या रविवारी नक्की.

१३ मार्च, गुरुवार

सोसायटीची होळी. आमच्या घरी होळी नसते, पण प्रमुख म्हणून दोन बादल्या घेऊन शेवटपर्यंत उभा राहिलो. लोक म्हणाले, अहो बसा आता. नाही बसलो. परिणाम: एकही दुर्घटना नाही. सोसायटीला माझ्या कामाची कदर नाही.

शकूवहिनींनी ताटात पुरणपोळी आणून दिली, वर तूप. आधी कांताला खाऊ दिली. मग मी खाल्ली. पोळी फार चांगली होती. कशासाठी दिली असेल?

१८ मार्च

आजचा दिवस सविस्तर लिहितो.

सकाळी हिंदुराव रिकामी पिशवी घेऊन बसस्टॉपकडे निघालेले दिसले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. नवा पंच आणायला निघाले असणार, जुना बोथट झाला असेल. डोक्याला मफलर गुंडाळून मागे निघालो. मार्केट यार्डची बस आली. ते पुढच्या दाराने चढले, मी मागच्या दाराने. शेवटच्या सीटवर, एका बाईच्या मेथीच्या गाठोड्याआड बसलो. मार्चच्या उन्हात मफलर म्हणजे डोक्यावर कुकर.

तिकीट काढायला आवाज द्यावा लागला असता, आणि माझा आवाज ते ओळखतात. म्हणून कंडक्टर जवळ आला की मी खिडकीबाहेर बघायचो. ड्युटीचा भाग म्हणून. स्वारगेटला तपासनीस चढला. माझाच खाकी रंग, माझीच चाल. सरळ माझ्यापाशी आला. म्हणाला, काका, तिकीट. एकतीस वर्षांत मी फुकट्यांच्या ज्या ज्या सबबी ऐकल्या, त्यातली एकही आयत्या वेळी आठवली नाही. मी म्हणालो, मी ह्याच खात्यातला. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात. हे वाक्यही माझंच आहे.

तेवढ्यात पुढून हिंदुरावांनी, मागे वळूनही न बघता, हात वर केला. हातात दोन तिकिटं. म्हणाले, त्यांचं माझ्याकडं हाय.

मार्केट यार्डला उतरलो. मला वाटलं आता हसतील, काहीतरी बोलतील. ते फक्त म्हणाले, मफलर काढा साहेब, ऊन लागंल. मग ओळखीच्या गाळ्यावरून कांद्याची जुनी पोती घेतली. वणव्यासाठी. पोत्यांचं काम समितीचं, म्हणजे माझं होतं हे खरं, पण माझ्याकडे वेळ कुठे आहे? निम्मी पोती मी उचलली. परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. ते खिडकीतून रस्त्याकडे बघत होते, जुने स्टॉप आले की ओठातल्या ओठात नाव घेत होते.

प्रश्न: मी मागून येतोय हे माहीत नव्हतं, तर तिकिटं दोन का काढली? आणि माहीत होतं, तर त्यांची माझ्यावर पाळत आहे!

२१ मार्च, शुक्रवार. रात्री नाही, संध्याकाळीच लिहितो, झोप येणार नाही

वणवा आला.

दुपारी तीनच्या सुमाराला हिंदुराव जिना उतरून धावत आले. दारातच म्हणाले, साहेब, किल्ली. मी सवयीने विचारलं, कारण? त्यांनी नुसतं टेकडीकडे बोट दाखवलं. वरून पिवळा धूर खाली उतरत होता. आग कोणी लावली, कशी लागली, कोणी सांगू शकलं नाही. गळ्यातला दोरा चष्म्याच्या दोरीत अडकला होता. हिंदुरावांनी तो दाताने तोडला.

पोती भिजवून ते, शकूवहिनी, दीपाली आणि चार-पाच जण बाहेर गेले. मी पाइप सांभाळला. टोक नळाला बसवलं, नोझल पट्ट्याकडे धरलं, नळ पुरता सोडला. पाइप फुगला. पाणी येईना. आणखी फुगला. मी नोझलमध्ये डोळा घालून पाहत होतो तेवढ्यात नळाकडून पाइप सुटला आणि सगळं पाणी माझ्या अंगावर. पट्ट्यावर थेंब नाही.

आग पट्ट्यावर थांबायला हवी होती. थांबली नाही. पाचोळा पेटला आणि आग त्या पाचोळ्यावरून चालत, कुरकुर आवाज करत, सरळ माझ्या भिंतीशी आली. आवाज मला ऐकू आला. व्यवस्था अगदी चोख होती.

पोत्यांनी झोडपून झोडपून त्यांनी ती विझवली. बंब आला तोवर फक्त धूर उरला होता. माणसाला मोठी इजा नाही. हिंदुरावांच्या हातावरचे केस जळले, कातडी लाल झाली. माझ्या चार कुंड्या होरपळल्या. वरची त्यांची रोपं, पावसाळ्यापासून जपलेली, जवळजवळ सगळी गेली.

नंतर मी पाइप आपटून पाहिला. नोझलमधून काय पडलं? गुलाबाच्या पानांच्या गुंडाळ्या! गोल कापलेले हिरवे तुकडे, एकात एक घालून, विडीसारखे वळून पाइपमध्ये ठासून भरलेले. पाण्याने पुढे ढकलले गेले आणि तोंडाशी अडकले. पुरावा! मी तो सगळ्यांसमोर वर धरला. म्हणालो, हिंदुराव, माझ्या पानांना पंच मारलात, ठीक आहे, पण पाइपमध्ये बोळे कोंबून सोसायटी जाळायला निघालात?

शकूवहिनी हातातलं जळकं पोतं टाकून माझ्याकडे बघत राहिल्या. हिंदुराव ड्रममधलं पाणी ओंजळीत घेऊन तोंड धूत होते. धुऊन झालं, शर्टाला पुसलं आणि जिन्याने वर गेले. धावपळीत पाय मुरगळला असावा, लंगडत होते. कांता माझ्या शेजारी उभी होती, तीही मला ओलांडून घरात गेली.

सत्य कडू असतं.

२३ मार्च, रविवार

तातडीची मीटिंग. हिंदुराव आले नाहीत. गुन्हेगार कधी येतो का?

दीपालीने विचारलं, पाचोळा कोणी पसरला? मी म्हणालो, तो स्वतंत्र विषय आहे. मग तिने तिच्या खिडकीतून काढलेला फोटो सगळ्यांना दाखवला. फोटोत पोतं होतं, पाचोळा होता, आणि मी होतो. मी म्हणालो, हा फोटो माझ्या परवानगीशिवाय काढलेला आहे. ती म्हणाली, काका, मला वाटलं तुम्ही गोळा करताय, म्हणून ग्रुपवर कौतुकाने टाकणार होते.

समितीची पुनर्रचना झाली. मला सल्लागार केलं आहे. बढतीच म्हणायची.

२६ मार्च

कांता बोलत नाही. ताट वाढून झाकून ठेवते. विहारात जाताना निरोपही चिठ्ठीवर लिहिते: भाजी गार आहे. जयंतीच्या मीटिंगला गेलो तर तिथेही तिने बायकांमध्ये पाठ करून बसणं पसंत केलं.

जिन्यात हिंदुराव भेटले. हाताला पट्टी. बाजूला होऊन मला वाट दिली. बसमध्ये तपासनीस चढला की कंडक्टर असाच बाजूला व्हायचा. इतकी वर्षं मला तो आदर वाटला होता. आज नुसती वाट दिल्यासारखं वाटलं. बरं वाटलं नाही.

६ एप्रिल, रविवार

होरपळलेल्या गुलाबाला नवी पानं आली आहेत. तांबूस, कोवळी. सकाळी त्यांच्यासमोर स्टूल टाकून बसलो. पाळत नाही, दुसरीकडे कुठे बसायला जागा नाही म्हणून.

तीच काळपट माशी आली. मधमाशीसारखी, पण जरा दांडगी. पानाच्या कडेवर बसली आणि माझ्या डोळ्यांदेखत, स्वतःभोवती फिरत, कडेपासून कडेपर्यंत एक गोल कापला. कंपासशिवाय. तुकडा सुटला तसा पोटाखाली वळून धरला आणि उडाली. हुकावर पाइप पुन्हा टांगलेला आहे, त्याच्या लोंबत्या टोकात शिरली. थोड्या वेळाने रिकामी बाहेर आली आणि पुढच्या पानावर बसली.

कुणाला हाक मारावीशी वाटली नाही.

प्रज्ञेशची लिंक उघडली. पानं कापणारी मधमाशी. तुकडे वळून पोकळ नळीत घर करते, त्यात अंडी घालते. निरुपद्रवी आहे, झाडाला अपाय नाही, असं लिहिलं होतं. फोटोतली पानं माझ्याच कुंडीतली वाटावीत अशी. पाच मार्चला आलेली लिंक. त्यानंतर दोन रविवार होते, पाइप एकदा नळाला लावला असता तरी बोळे दिसले असते.

कांताला जाऊन म्हणालो, माशी होती. ती म्हणाली, मी काय म्हणाले होते? तिच्या तोंडून पंधरा दिवसांनी शब्द ऐकला. मग म्हणाली, मला काय सांगता, वर जा.

७ एप्रिल, सोमवार

तिसऱ्या मजल्यावर गेलो. शकूवहिनींनी दार अर्धंच उघडलं. म्हणाल्या, टेकडीवर गेल्यात. किल्ली आता त्यांच्याकडे असते, गेट उघडंच होतं.

बोलायचं सगळं रात्रीच ठरवून ठेवलं होतं. परिस्थितीजन्य पुराव्यामुळे झालेला गैरसमज, दोन्ही बाजूंनी मोठ्या मनाने वगैरे. खिशात कापलेलं पान घेतलं होतं. टेकडी काळी पडली आहे. चढताना बुटांना राख लागत होती. हिंदुराव एका जळक्या काठीच्या बुडाशी आळं करत बसले होते. मला पाहून उठले. मी पान पुढे केलं आणि ठरवलेलं सगळं विसरून म्हणालो, माशी कापते.

त्यांनी पान उन्हासमोर धरून पाहिलं, पूर्वी नोट धरायचे तसं. अर्धगोलावरून अंगठा फिरवला. म्हणाले, साहेब, तुम्ही मला त्यो मेमो दिला ना, त्याच्यानंतर मी जन्मात कधी कडेला पंच मारला न्हाई. गाडी खड्ड्यात असली तर थांबायचो. मान्सं वरडायची, पर थांबायचो. मग पान मला परत दिलं.

मी ते खिशात ठेवलं. म्हणालो, आता ह्या काठीला पाणी घालून काय उपयोग? ते म्हणाले, खालून फुटंल, कडुनिंब हाय. मग म्हणाले, तुमचाच हाय ह्यो. तुम्ही रिटायर झालात, निरोप समारंभ नको म्हणालात, डेपोतल्या लोकांनी हारासाठी काढलेली वर्गणी तशीच राह्यली. मग त्या पैशात रोप आणलं. दर साली पाणी घालतोय.

मी त्या काठीकडे बघत राहिलो. टेकडीवर कशाला जाता, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

म्हणालो, आज मी घालतो. त्यांनी सोबत आणलेला कॅन माझ्या हातात दिला. मी झाकण काढून आत पाहिलं, खरंच भरलाय का. सवय. काठोकाठ होता. मान वर केली तर ते माझ्याकडेच बघत होते. मी आळ्यात पाणी ओतलं.